वाण आणि गुण : आनुवंशिक बुद्धीचा युक्तिवाद आणि मराठी वाङ्मय

१

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण आपल्याकडे बहुधा वाईट संगतीचा दाखला देण्यासाठी वापरली जाते. परंतु तिच्यातील 'वाण' आणि 'गुण' ही जोडी बारकाईने पाहिली, तर तीत एक संपूर्ण सिद्धान्त सामावलेला आढळतो. वाण म्हणजे जन्मासोबत आलेला रंग, जात, प्रकार. तो शेजाऱ्यापासून लागत नाही. गुण म्हणजे वागण्याची रीत. ती दावणीवरच्या सहवासातून लागते. 'वाण' हा शब्द 'वर्ण' या शब्दाचाच तद्भव होय, हेही येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. याच भाषेत 'खाण तशी माती' ही नेमकी उलट सांगणारी म्हणही नांदते. माणसाची बुद्धी आणि त्याचे शील जन्माने ठरते की परिस्थितीने घडते, या प्रश्नाची दोन्ही उत्तरे मराठी लोकभाषेने शास्त्राची वाट न पाहता देऊन ठेवली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांपैकी 'खाण तशी माती' या उत्तराला विज्ञानाचे वस्त्र मिळाले. युरोपात त्याचे नाव युजेनिक्स असे पडले आणि मराठीत ते सुप्रजाजननशास्त्र या नावाने रूढ झाले. या शास्त्राचा इतिहास सांगताना इंग्लंड, अमेरिका आणि जर्मनी यांच्यापाशीच थांबण्याची आपली प्रथा आहे. हा युक्तिवाद मराठी भाषकांच्या लेखनात कोणत्या वाटांनी आला, कोणी तो स्वीकारला, कोणी तो खोडून काढला आणि मराठी वाङ्मयाने त्याला काय उत्तर दिले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. या वाटांपैकी एक अनपेक्षितपणे हिंगोलीच्या जुन्या छावणीतून जाते.

२

प्रथम मूळ युक्तिवादाचे स्वरूप पाहू. चार्ल्स डार्विनचे आतेभाऊ-मामेभाऊ नात्यातील आप्त फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८६५ साली एका मासिकात आनुवंशिक प्रतिभा व स्वभाव यांवर लेख लिहिला आणि १८६९ साली 'हेरेडिटरी जीनियस' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत साधी होती. १६६० ते १८६५ या काळातील इंग्लंडचे न्यायाधीश, तसेच मुत्सद्दी, सेनानी, कवी, शास्त्रज्ञ अशा नामवंतांच्या याद्या करावयाच्या आणि त्यांच्या नातलगांत नामवंत किती निघतात हे मोजावयाचे. नाते जितके जवळचे तितके नामवंतांचे प्रमाण अधिक, असे त्यांना दिसले. आणि त्यावरून बुद्धी वंशपरंपरेने येते असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८८३ साली त्यांनी 'युजेनिक्स' हा शब्द घडविला. श्रेष्ठ बीजाची वाढ व्हावी आणि हीन बीजाची वाढ रोखावी, हा त्या शब्दामागील कार्यक्रम होय.

या युक्तिवादातील दोष समकालीनांच्या लक्षात आला नव्हता असे नाही. न्यायाधीशाच्या मुलाला बापाचे रक्त मिळते, तसेच बापाचे घर, ग्रंथ, शाळा, ओळखी आणि वकिलीचे दारही मिळते. यादीवरून या दोन वारशांची फोड करता येत नाही. आल्फोन्स द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७३ साली शास्त्रज्ञांच्या उदयामागील सामाजिक कारणांचा अभ्यास मांडला. त्याला उत्तर देताना गॉल्टन यांनी १८७४ मध्ये निसर्ग आणि संगोपन ही जोडी रूढ केली. आपल्या म्हणीतील वाण आणि गुण ती हीच.

महाराष्ट्रापुरते पाहता एक कालसाम्य उद्बोधक आहे. ज्या १८८३ साली गॉल्टन यांनी हा शब्द घडविला, त्याच साली जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. या दोघांना परस्परांची खबर असण्याचे कारण नव्हते. परंतु 'असूडा'च्या आरंभीच्या प्रसिद्ध पद्यात फुले यांनी जी कार्यकारणांची साखळी मांडली आहे, ती गॉल्टन यांच्या साखळीच्या बरोबर उलट आहे. गॉल्टन यांच्या विवेचनात मती आधी आणि विद्या, वित्त, पद हे तिचे फळ. फुले यांच्या विवेचनात विद्येचा अभाव आधी. मतीची हानी हा त्याचा परिणाम, आणि नीती, गती व वित्त यांची हानी त्यापुढची. त्यापूर्वी १८८२ साली हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात त्यांनी रयतेच्या करातून उभा राहिलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे कसा वळतो, हे दाखविले होते. मतीचा प्रश्न त्यांनी कराच्या आणि शाळेच्या हिशेबाशी जोडला. आनुवंशिक बुद्धीच्या युक्तिवादाला मराठीतील पहिले समर्थ प्रत्युत्तर म्हणून 'असूडा'चे वाचन अद्याप पुरेसे झालेले नाही.

३

बुद्धीच्या आनुवंशिकतेपेक्षा गुन्ह्याच्या आनुवंशिकतेची कल्पना हिंदुस्थानात आधी रुजली, आणि तिच्या घडणीत हिंगोलीला स्थान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यातील इंग्रज अंमलाखालील फौजेची एक छावणी हिंगोलीस होती. फिलिप मेडोज टेलर हा तरुण अधिकारी तेथे काही काळ होता. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत तो सांगतो, की या भागातील ठगांचा म्होरक्या हरिसिंग हा हिंगोलीचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता आणि स्वतः टेलरने इतरांप्रमाणेच त्याच्याशी व्यवहार केले होते. मुंबईहून येणाऱ्या एका व्यापाऱ्याचा त्याच्या माणसांसह खून करून, त्याचे कापड हरिसिंगाने सरकारी परवान्यावर छावणीत आणून उघडपणे विकले, अशी हकीकतही तेथे आहे.

हरिसिंगाच्या हकीकतीतून खरे तर गुन्हेगार आणि प्रतिष्ठित यांच्यातील सीमारेषा किती पुसट असते, हा बोध घेता आला असता. परंतु शासनाने दुसराच बोध घेतला. विल्यम स्लीमन यांनी १८३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'रामसीआना' या ग्रंथात ठगांच्या सांकेतिक बोलीच्या कोशाबरोबर त्यांच्या वंशावळीही दिल्या. त्याच वर्षीच्या कायद्याने ठगांच्या टोळीचा घटक असल्याचे सिद्ध होणे एवढेच जन्मठेपेस पुरेसे ठरले. विशिष्ट खुनाचा पुरावा आवश्यक राहिला नाही. सागर येथे फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या १८३३ च्या सुमारास एडिंबरोच्या कपालविद्या मंडळाकडे तपासणीसाठी गेल्या. वंशावळ, कायदा आणि कवटी हे पुढील शतकभराच्या आनुवंशिकतावादाचे तिन्ही आधार गॉल्टन यांच्या लेखापूर्वी तीस वर्षे येथे तयार झाले होते.

गंमत अशी, की टेलरची कादंबरीच या सिद्धान्ताला दाद देत नाही. तिचा नायक अमीर अली हा ठगांच्या पोटी जन्मलेला नाही. त्याच्या आईबापांचा ठगांनीच खून केला आहे आणि एका ठगाने त्याला मुलगा म्हणून वाढविले आहे. मारलेल्या प्रवाशांची लहान मुले ठग दत्तक घेत, ही नोंद तत्कालीन कागदपत्रांतही आढळते. म्हणजे वाण एक आणि गुण दुसरा. १८३७ साली जबलपूरला उद्योगशाळा निघाली आणि माफीचे साक्षीदार झालेले ठग व त्यांची मुले तेथे तंबू आणि गालिचे विणू लागली. ठगी ही वंशपरंपरागत पंथस्वरूप संस्था होती, ही कल्पनाच अतिरंजित होती, असे अलीकडच्या अनेक इतिहासकारांचे प्रतिपादन आहे.

तरीही कल्पना टिकली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या समर्थनार्थ असे सांगण्यात आले, की या देशात विणकराचा मुलगा विणकर आणि सुताराचा मुलगा सुतार होतो. तेव्हा गुन्हेगाराचा मुलगाही परंपरेने गुन्हेगारच असणार. हा युक्तिवाद जीवशास्त्रीय नाही, तो जातिव्यवस्थेवरून केलेले अनुमान आहे. जातीचा धंदा जन्माने ठरतो हे सामाजिक बंधन. त्याला येथे निसर्गनियमाचे स्थान दिले गेले. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करता येऊ लागली आणि काटेरी तारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरची वसाहत त्यांतीलच एक.

४

मराठी लेखकांपुरते बोलावयाचे, तर सुप्रजाजननाचा सर्वांत ठळक पुरस्कार ना. सी. फडके यांनी केला. 'कलेसाठी कला' या भूमिकेचे अध्वर्यू आणि 'जादूगार', 'दौलत' यांसारख्या कादंबऱ्यांचे लोकप्रिय लेखक म्हणून फडके आपल्या अभ्यासक्रमांत असतात. परंतु १९२७ साली त्यांनी इंग्रजीत 'सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया' हा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या उपशीर्षकातच हिंदुस्थानात सुप्रजाजननाची चळवळ उभी राहावी अशी मागणी केली, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात क्वचितच चर्चिली जाते. ग्रंथ इंग्रजीत असल्यामुळे तो मराठी वाङ्मयाच्या कक्षेबाहेर पडला. मार्गारेट सँगर यांची त्याला प्रस्तावना आहे. प्राचीन आर्यांना सुप्रजेचे महत्त्व ठाऊक होते, त्यांचे विवाहनियम त्या दृष्टीचे होते आणि बालविवाहासारख्या पुढील रूढींनी त्या आदर्शाचा ऱ्हास झाला, अशी त्याची धाटणी आहे. बालविवाहाला विरोध आणि संततिनियमनाचा पुरस्कार ही त्यातील पुरोगामी बाजू. चांगली प्रजा कोणती हे ठरविण्याचा अधिकार सुशिक्षित वर्गाकडे गृहीत धरणे ही दुसरी बाजू.

या दोन बाजूंची सरमिसळ त्या काळात सर्वत्र होती, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. र. धों. कर्वे यांनी १९२१ पासून मुंबईत चालविलेले संततिनियमनाचे कार्य आणि १९२७ ते १९५३ या काळातील 'समाजस्वास्थ्य' मासिक यांचा मुख्य झोत व्यक्तीच्या, विशेषतः स्त्रीच्या, स्वातंत्र्यावर होता. तरी संततिनियमन आणि सुप्रजाजनन हे शब्द तत्कालीन चर्चेत जोडीनेच वावरत. डॉ. ए. पी. पिल्ले यांच्या पुढाकाराने १९३० च्या आसपास सोलापुरात सुप्रजाजनन शिक्षणाची संस्था निघाली. ज्या नगरात तारांच्या आत 'जन्मजात गुन्हेगार' ठेवले होते, त्याच नगरात तारांच्या बाहेर उत्तम बीजाची चर्चा चालू होती. या दोन गोष्टींचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध होता असे मुळीच सुचवावयाचे नाही. एकाच विचारव्यूहाची ही दोन टोके होती, एवढेच.

१९३० च्या दशकात गो. म. जोशी यांच्या 'हिंदूंचे समाजरचनाशास्त्र' या ग्रंथाने पुढचे पाऊल टाकले. फडके यांच्या ग्रंथाचा रोख विवाहसुधारणेकडे होता. जोशी यांनी पाश्चात्त्य सुप्रजाजननशास्त्राचा आधार घेऊन जातिबद्ध समाजरचनेचेच समर्थन केले. जातीअंतर्गत विवाह म्हणजे गुणांची जपणूक, अशी ही भूमिका होय. पूर्वी जे धर्मशास्त्राच्या आधारे सांगितले जाई, ते आता जीवशास्त्राच्या आधारे सांगितले जाऊ लागले. धर्मशास्त्राशी वाद घालणारा सुधारक या नव्या प्रमाणापुढे अडखळत असे, हे या ग्रंथाच्या प्रभावाचे एक कारण असावे.

५

न अडखळणारा वाचक होता डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी वाचलेल्या जातिविषयक निबंधात त्यांनी जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे, असे दाखवून तो टिकविण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी कशा उपयोगी पडल्या, याची सामाजिक मीमांसा केली होती. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये, म्हणजे लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात, त्यांनी सुप्रजाजननाचा युक्तिवाद थेट हाती घेतला. त्यांच्या खंडनाचे टप्पे विद्यार्थ्यांनी क्रमाने पाहण्यासारखे आहेत.

पहिला टप्पा वस्तुस्थितीचा. जात म्हणजे वंश नव्हे. दे. रा. भांडारकर यांच्या संशोधनाचा आधार घेऊन ते दाखवितात, की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार हे एकाच वंशाचे आहेत. मद्रासचा ब्राह्मण पंजाबी ब्राह्मणापेक्षा मद्रासच्या परियाला वंशाने जवळचा आहे. दुसरा टप्पा तर्काचा. जातीचा उगम सुप्रजाजननात असेल, तर पोटजातींचाही असला पाहिजे. परंतु पोटजाती या निरनिराळ्या वंशांच्या आहेत असे कोणीच म्हणत नाही. शिवाय विवाहबंदीचे समर्थन रक्तशुद्धीने होईलही, रोटीबंदीचे काय? एका पंगतीस बसल्याने रक्त बिघडत नाही. तिसरा टप्पा शास्त्राचा. ते बेटसन यांच्या आनुवंशिकतेवरील ग्रंथाचा हवाला देतात. उच्च मानसिक गुण कोणत्याही एकाच पद्धतीने संक्रमित होतात असे दिसत नाही; ते अनेक घटकांच्या योगायोगाने घडत असावेत, असे बेटसन यांचे मत होते. मग आधुनिक शास्त्रज्ञांनाही जे ज्ञान नाही, ते जाती निर्माण करणाऱ्या पूर्वजांना होते असे मानावयाचे काय? चौथा टप्पा फलिताचा. झाडाची परीक्षा फळावरून करावी. ज्या समाजातील बहुसंख्य माणसे लष्करी सेवेस अपात्र ठरतात, त्याच्या समाजरचनेला सुप्रजाजननाचे श्रेय कसे द्यावे?

यांपैकी तिसरा टप्पा विशेष महत्त्वाचा आहे. आजच्या जनुकशास्त्रानुसार बुद्धीशी संबंध दाखविणारे जनुकीय भेद हजारोंच्या संख्येने आहेत आणि त्यांतील प्रत्येकाचा वाटा अत्यल्प आहे. १९३६ साली आंबेडकरांनी घेतलेली भूमिका या ज्ञानाशी सुसंगत आहे. त्यांनी विज्ञानाला विज्ञानानेच उत्तर दिले. आनुवंशिकता नाकारली नाही, तिच्या नावावर खपविलेले अनुमान नाकारले.

६

कवटीचा विषय येथे पुन्हा येतो. इरावती कर्वे १९२८ मध्ये संशोधनासाठी जर्मनीस गेल्या. बर्लिनमध्ये १९२७ साली स्थापन झालेल्या मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजाजनन यांच्या कैसर विल्हेल्म संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंमधील असमानता आणि त्याची मानलेली बौद्धिक श्रेष्ठता यांचा संबंध आहे, अशी फिशर यांची अटकळ होती. ती तपासण्याचे काम या मराठी विद्यार्थिनीकडे आले. सुमारे दीडशे कवट्यांची मोजमापे त्यांनी घेतली. त्यांतील काही आफ्रिकेतील जर्मन वसाहतींतून आणलेल्या होत्या. असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध नोंदविला आणि १९३० मध्ये त्या परतल्या. जर्मनीत जुलै १९३३ मध्ये सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला आणि त्या संस्थेचे शास्त्रज्ञ वंशवादी राजवटीच्या सेवेत रुजू झाले, हे पाहता या निष्कर्षामागील धैर्य ध्यानात येते.

इरावतीबाईंनी मोजमाप सोडले नाही, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात त्यांनी दीर्घकाळ शरीरमापनाचे काम केले. मात्र त्यातून निघाले ते जातिश्रेष्ठत्वाच्या विरोधात जाणारेच. कै. मल्होत्रा यांच्यासह १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना केली. आणि एकाच वर्णनामाखाली येणारे हे गट जैविकदृष्ट्या एकजिनसी नाहीत, असे दाखविले. 'ब्राह्मण' हे एका बीजाचे नाव नव्हे, हा याचा साधा अर्थ. आंबेडकरांनी जे ग्रंथाधारे मांडले, त्याला येथे मोजपट्टीने दुजोरा मिळाला. 'युगान्त' मधील महाभारताच्या माणसांकडे वंशगौरवाचा चष्मा न लावता पाहणारी दृष्टी आणि बर्लिनमधील ही निर्भय मोजणी यांचा संबंध समीक्षेने जोडून पाहावयास हवा.

७

कवटी मागे पडली, तेव्हा तिची जागा बुद्धिमापनाने घेतली. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली तयार केलेली कसोटी शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत करण्यासाठी होती; बुद्धी ही अपरिवर्तनीय राशी आहे असे त्यांचे मत नव्हते. अमेरिकेत गेल्यावर तीच कसोटी जन्मजात बुद्धीचे माप ठरली. मराठी व कन्नड मुलांसाठी तिचे रूपांतर धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. त्यांचा यावरील इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. शैक्षणिक मार्गदर्शनाच्या दृष्टीने हे मोलाचे काम होते. परंतु कसोटी मराठीत येताच भाषेच्या अभ्यासकापुढे एक प्रश्न उभा राहतो : कोणत्या मराठीत? छापील प्रमाण मराठी ज्या घरात बोलली जाते तेथील मूल प्रश्नाचे उत्तर शोधते; औंढा, सेनगाव किंवा कळमनुरीकडील पाड्यावरच्या मुलाला आधी प्रश्नाचा शब्द शोधावा लागतो. बुद्ध्यंकात या दोन श्रमांची वेगळी नोंद होत नाही.

यापुढील मुद्दा आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही शेतकऱ्यास समजेल असा आहे. अमेरिकेत १९६९ साली आर्थर जेन्सन यांनी गोऱ्या व काळ्या मुलांच्या बुद्ध्यंकातील फरकाला आनुवंशिक कारण सुचविले, तेव्हा रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७० मध्ये बियाण्याच्या दृष्टान्ताने त्यातील तर्कदोष उघड केला. तो आपल्या मातीत असा सांगता येईल. तुरीच्या मिश्र बियाण्याचे एकच पोते घ्यावे. अर्धे काळ्या कसदार रानात आणि अर्धे मुरमाड बरडावर पेरावे. काळ्या रानातील जमीन व पाणी सर्वत्र सारखे असेल, तर तेथील झाडांच्या उंचीतील फरक बियाण्यामुळेच पडलेला असेल. बरडावरही तसेच. म्हणजे दोन्ही ठिकाणी उंची 'आनुवंशिक' आहे. तरीही काळे रान आणि बरड यांच्या सरासरी उंचीतील फरक मात्र सर्वस्वी जमिनीचा आहे. पोते एकच होते. एका गटातील व्यक्तिभेदांत आनुवंशिकतेचा वाटा आहे, हे खरे मानले तरी दोन गटांतील फरक आनुवंशिक आहे, असे त्यावरून निष्पन्न होत नाही. जातिजातींच्या बुद्धीविषयी आजही जे बोलले जाते, त्यातील बहुतेक प्रतिपादने या एकाच पायरीवर घसरतात.

८

आता वाङ्मयाकडे वळू. गुन्हा रक्तात असतो, या कल्पनेला मराठी साहित्याने दिलेली दोन उत्तरे विशेष उल्लेखनीय आहेत. पहिले मालतीबाई बेडेकर यांच्या 'बळी' (१९५०) या कादंबरीचे. सोलापूरच्या वसाहतीत अधिकारपदावर काम केल्यामुळे त्यांनी तारांच्या आतील जीवन जवळून पाहिले होते. 'कळ्यांचे निःश्वास' लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकरांनी पांढरपेशा स्त्रीच्या कोंडीवरून मांगगारुडी समाजाच्या कोंडीकडे नेलेली ही दृष्टी मराठी कादंबरीचा परीघ वाढविणारी ठरली. हजेरी, परवाना आणि संशय यांनी घेरलेल्या माणसांना सुधारण्याच्या नावाखाली चाललेला व्यवहारच त्यांना कसा बळी देतो, हे त्यांनी दाखविले. मात्र पाहणारी नजर येथे बाहेरून आत गेलेली आहे.

दुसरे उत्तर आतून आले. १९५२ साली गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊ लागल्या. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) नंतर १९८७ साली लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. या आत्मकथनाची चर्चा वेदना आणि विद्रोह या संज्ञांत पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील एक तपशील निर्णायक आहे. चोरीच्या धंद्यात घालण्यापूर्वी मुलांना शिकवावे लागते. पोलिसांचा मार सोसता यावा म्हणून घरचीच माणसे त्यांना मारून तयार करतात. जे रक्तात आहे ते असे मारून शिकवावे लागत नाही. पोहणाऱ्या माशाला कोणी शिकवणी लावत नाही.

शाळेचा प्रसंगही असाच बोलका आहे. लक्ष्मण शाळेत जाऊ लागतो आणि वस्तीतील मुलांना आजार होतो, तेव्हा दोष त्याच्या शाळेवर येतो. ज्या समाजाला बाहेरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितले, की तुमचे हे असेच असणार, त्याने ते स्वतःही मानलेले असते. आनुवंशिकतावादाचा सर्वांत खोल परिणाम येथे दिसतो. तो ज्याच्याविषयी बोलला जातो त्याच्याच मनात तो घर करतो. 'उचल्या'च्या लेखकाने लेखणी हाती घेणे हेच त्या सिद्धान्ताचे खंडन ठरते. पण हे खंडन एका असामान्य व्यक्तीच्या पराक्रमाचे म्हणून वाचले, तर आपण नकळत गॉल्टन यांच्याच यादीत एका नावाची भर घालतो. ते शाळेत पडलेल्या पावलाचे खंडन म्हणून वाचावयास हवे.

९

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, आनुवंशिक बुद्धीचा आणि शीलाचा युक्तिवाद मराठी समाजात केवळ बाहेरून आला नाही. वसाहतवादी शासनाने तो येथील जातिव्यवस्थेच्या साच्यावरूनच घडविला आणि पुढे येथील काही विद्वानांनी त्याच साच्याच्या समर्थनासाठी तो वापरला. दोन, त्याचे खंडनही येथेच झाले. आणि फुले, आंबेडकर, इरावती कर्वे व विमुक्तांचे आत्मकथन यांची या प्रश्नावरील परंपरा सलगपणे अभ्यासावी अशी आहे. तीन, या परंपरेतील इंग्रजी ग्रंथ वगळल्यामुळे आपला वाङ्मयेतिहास फडके आणि आंबेडकर या दोघांच्याही बाबतीत अपुरा राहिला आहे.

वर्गात 'उचल्या' शिकविताना कधीतरी मागच्या बाकावरून प्रश्न येतो, की हे रक्तातच असते का. प्रश्न विचारणारा ज्या घरातून आला असेल ते घर आपल्याला ठाऊक असतेच असे नाही. अशा वेळी केवळ सहानुभूतीने भागत नाही. युक्तिवाद माहीत असावा लागतो. भाषेच्या अध्यापकाला त्यासाठी एक शब्दही हाताशी आहे. परीक्षेतील 'गुण' आणि त्यावरून होणारी 'गुणवत्ता' हे शब्द आज आपण अशा रीतीने वापरतो, की जणू तो वाणच आहे. जुन्या म्हणीने हा घोटाळा केला नव्हता. वाण लागत नाही, गुण लागतो, असे ती स्वच्छ सांगते. आणि गुण लागावयाचा तर दावणीवर शेजारी जागा मिळावी लागते.